डिस्नेतल्या जेवणाचे पैसे आधी भरावेत का?

प्रश्न : ताई, मे महिन्यात ऑर्लँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला जातोय. सोबत शाकाहारी सासूबाई आणि 10 वर्षांचा मुलगा. जेवणाचा प्लॅन आधीच घेऊन टाकू का?

उत्तर : मी तुमच्या जागी असते तर घेतला नसता. हा प्लॅन डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांसाठी असतो, आणि घ्यायचा तर 3 वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांचा, सगळ्या रात्रींचा. मुलगा 10 वर्षांचा, म्हणजे त्याला मोठ्यांचा दर! फ्लोरिडाच्या उन्हात दमलेल्या सासूबाईंना दोन घास पुरतील. त्यांचे पूर्ण पैसे कशाला भरायचे? न वापरलेल्या जेवणाचा परतावाही मिळत नाही. पार्कात आपलं खाणं नेता येतं, काचेची बरणी तेवढी नको. दशम्या, दाण्याची चटणी खुशाल न्या. एकदा मात्र डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या ‘सना’ रेस्टॉरंटात जेवाच. गरम नान, तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या आणि खिडकीबाहेर जिराफ. दिवसाउजेडीचं टेबल आधीच राखून ठेवा.