गाडीचा पुढचा भाग फायबरचा (फायबरग्लासचा) करायचाय? आधी एवढं सांभाळ

मित्रा, अख्खा पुढचा भाग एकदम अंगावर घेऊ नकोस. आधी बोनेटचा छोटा स्कूप (हवा घेणारा उंचवटा) कर; हात बसला की बंपर, फेंडर.

खरा वेळ मास्टर पीसवर, म्हणजे ज्यावरून साचा काढायचा त्या मूळ नमुन्यावर घाल. त्यावरचा प्रत्येक ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातून नगावर. पुट्टी, घासकाम, मग मेणाचे चार-पाच हात, प्रत्येक हात पुसून चकचकीत. इथे घाई केलीस तर नग साच्यालाच चिकटून बसेल. आणि आकार थर्माकोलमध्ये कोरू नकोस, पॉलिस्टर रेझिनने (काचतंतूंना बांधणारं, नंतर कडक होणारं द्रव) तो विरघळतो. पीयू (पॉलियुरेथेन) फोम घे.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) अंदाजाने ओतणं. वजन करून रेझिनच्या साधारण 1 ते 2 टक्के. जास्त झालं की मगातच धूर.
- कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रव) आणि हार्डनर थेट एकत्र करणं. स्फोट होऊ शकतो! कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळ, मगच हार्डनर. चष्मा, हातमोजे, वाफेचा मास्क हवेतच.
- मॅटमध्ये (काचतंतूंच्या चादरीत) हवा राहणं. पांढुरका डाग दिसला की रोलर फिरव.

नाशिकच्या पावसाळ्यात हे काम काढू नकोस, आणि थंडीत भल्या सकाळी तर रेझिन सुकतच नाही. अंबड-सातपूरकडे फायबरवाला ओळखीचा असेल तर दिवसभर नुसता बघत बस. व्हॅक्यूम, कार्बन वगैरे नंतर बोलू. स्कूप साच्यातून निघाला की फोटो टाक.