इंजिन अचानक जाम झाले आहे. ते उघडण्यापूर्वी काय तपासावे?

साताऱ्याहून पुण्याकडे येताना शिरवळजवळ तुमच्या १२०० सीसीच्या पेट्रोल गाडीची ओढ आधी दोन-तीन किलोमीटर कमी झाली, मग इंजिन झटक्याने बंद पडले आणि आता सेल्फ मारला की नुसता 'टक्' असा आवाज येतो, असे तुम्ही लिहिले आहे. गॅरेजमध्ये 'इंजिन जाम आहे, फुल काम काढावे लागेल' असे सांगून सत्तर हजारांचा अंदाज दिला गेला, आणि हो म्हणण्यापूर्वी काय तपासता येईल, हा तुमचा प्रश्न आहे. कोल्हापुरात गेली वीस वर्षे मी इंजिनांचेच काम करतो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट ही सांगतो की 'जाम' हे लक्षण आहे, निदान नव्हे. क्रँक, म्हणजे पिस्टनांच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, फिरत नाही एवढेच त्यातून कळते. त्याला कोणी धरून ठेवले आहे ते कळत नाही, आणि दुरुस्ती दोन हजारांची की सत्तर हजारांची हे त्या धरणाऱ्यावरच अवलंबून असते. तोपर्यंत कृपा करून पुन्हा सेल्फ मारू नका आणि गाडी ढकलून किंवा ओढून चालू करण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नका, कारण अडलेल्या इंजिनावर जोर दिला की वाकलेला व्हॉल्व्ह तुटतो आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड किंचित वाकलेला असेल तर तो ब्लॉकमधून बाहेर येऊ शकतो.

इंजिन खरोखर अडले आहे की त्याला फिरवणारी ताकदच पोहोचत नाही, हे आधी ठरवावे. पूर्ण भारलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. ती १२ च्या खाली असेल तर तिच्या भरवशावर काहीच ठरवता येत नाही. बॅटरी चांगली असताना, तुम्ही पूर्वी सेल्फ मारला तेव्हा हेडलाइट एकदम मंदावत होते का, हे आठवून पाहा. ते मंदावत असतील तर सेल्फला पूर्ण करंट जात होता आणि तरीही तो फिरू शकत नव्हता. दिवे जसेच्या तसे राहत असतील तर दोष सेल्फच्या सोलेनॉइडमध्ये (सेल्फला करंट जोडणाऱ्या विद्युत स्विचमध्ये) किंवा वायरच्या सैल जोडात असण्याची शक्यता मोठी असते.

यानंतरची तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो आणि तीच बहुतेक ठिकाणी वगळली जाते, ती म्हणजे क्रँक पुली (क्रँकच्या टोकावरचे, बेल्ट फिरवणारे चाक) हाताने फिरवून पाहणे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, चारही स्पार्क प्लग काढावेत, आणि मग पुलीच्या मधल्या बोल्टला लांब दांड्याचा बॉक्स पाना लावून इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने सावकाश जोर द्यावा. पुलीच्या बाजूने पाहिले असता बहुतेक इंजिने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. काही जुनी होंडा इंजिने याला अपवाद आहेत. प्लग काढल्यामुळे कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबल्या जाणाऱ्या हवेचा विरोध उरत नाही आणि हाताला जे लागते ते खऱ्या अडथळ्याचेच असते. चार स्ट्रोकच्या इंजिनाचे एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होते, म्हणून पुली थोडी हलली एवढ्यावर समाधान न मानता पूर्ण दोन फेऱ्या होतात का, ते पाहावे.

पुली मुळीच हलली नाही तर फॅन बेल्ट काढून पुन्हा प्रयत्न करावा, कारण अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर जाम होऊनही इंजिन धरले जाऊ शकते. त्यानंतर सेल्फ मोटार उतरवून पाहावी. हे मी आग्रहाने सांगतो याचे कारण माझी स्वतःची एक चूक आहे. धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी 'जाम' म्हणून आलेल्या एका गाडीचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, मी घाईने उतरवले, आत सर्व काही निर्दोष निघाले, आणि गिअरबॉक्स खाली घेतल्यावर दिसले की सेल्फचा पिनियन (छोटे दातेरी चाक) क्रँकच्या मागच्या टोकावरील फ्लायव्हीलच्या दात्यांत तिरका अडकून बसला होता. त्या गृहस्थांचे मजुरीचे पैसे मी घेतले नाहीत, पण त्यांची गाडी आठवडाभर उगाच अडकली याचे वाईट वाटायचे ते वाटलेच.

पुली हलत असेल तर ती कशी हलते हे नीट लक्षात घ्यावे. काही अंश सहज फिरून दर वेळी त्याच जागी, दगडाला लागल्यासारखी थांबत असेल आणि उलट फिरवल्यावर मोकळी होत असेल, तर सिलिंडरमध्ये काहीतरी आडवे आले आहे असे समजावे. टायमिंग बेल्ट किंवा चेन सरकल्याने वा तुटल्याने पिस्टनवर आदळलेला व्हॉल्व्ह हे त्याचे नेहमीचे कारण असते. मोबाइलला जोडता येणारा छोटा कॅमेरा प्लगच्या छिद्रातून आत सोडला तर पिस्टनच्या माथ्यावरची चंद्रकोरीसारखी खूण हेड न उतरवता दिसते. उलट, पुली संपूर्ण फेरीभर सारखीच जड आणि चिकट लागत असेल, तर संशय बेअरिंगांवर किंवा पिस्टनांवर जातो.

पुली फिरताना प्लगच्या छिद्रातून पाणी उडाले तर प्रश्न तिथेच सुटतो. तुम्ही पावसाचा उल्लेख केलेला नाही, तरी एअर फिल्टर ओला आहे का, हे पाहून घ्या. पाणी दाबले जात नाही आणि इंजिन अडवायला लागणारी त्याची मात्राही फार नसते: १२०० सीसीच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात पिस्टन वर असताना उरणारी जागा दर सिलिंडरमागे सुमारे ३३ मिलिलिटर असते, आणि १२५० सीसीच्या डिझेल इंजिनात ती जेमतेम २० मिलिलिटर, म्हणजे चार चहाचे चमचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईकरांना हा प्रकार चांगलाच ठाऊक आहे.

तुमच्या वर्णनात मात्र 'आधी ओढ कमी झाली' हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. पाणी किंवा तुटलेली चेन अशी पूर्वसूचना सहसा देत नाही. ऑइलचा अभाव आणि उष्णता देतात. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी असते आणि तेथे दाबाखालचे ऑइल धातूला धातूपासून वेगळे ठेवते. तो दाब गेला की बेअरिंग तापते, इंजिन जड चालू लागते, खालून 'खट् खट्' असा आवाज येतो आणि शेवटी बेअरिंगची पातळ धातूची पट्टी, म्हणजे शेल, क्रँकला चिकटते. म्हणून ऑइलची पट्टी काढून पातळी पाहा, ऑइल बोटांवर घेऊन उन्हात धरा आणि त्यात धातूची चमक दिसते का ते तपासा. दुधाळ रंग असेल तर त्यात कूलंट मिसळले आहे. ऑइल फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडल्या तर तांबूस किंवा रुपेरी कण आणखी स्पष्ट दिसतात.

गाडीखाली वाकून चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारे भांडे, तेही पाहा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका डिझेल गाडीचे हेड दुसरीकडे आधीच उतरवून झाले होते आणि काहीही सापडले नव्हते. चेंबरला खालून पोचा होता. एका उंच गतिरोधकावर ते आपटले होते, पत्रा आत जाऊन ऑइल ओढणाऱ्या जाळीला टेकला होता, आणि पट्टीवर ऑइल पूर्ण दिसत असूनही पंपाला ते पुरेसे मिळत नव्हते. तिसऱ्या रॉडचे बेअरिंग जळाले होते आणि क्रँकची तेवढीच जागा निळी पडली होती. चेंबर आधी खोलले असते तर हेडचा खर्च वाचला असता.

आता उष्णतेविषयी. पिस्टनचे ॲल्युमिनियम सिलिंडरच्या बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगते, त्यामुळे इंजिन अतिशय तापले की पिस्टन भिंतीला घासून अडकतात. अशी इंजिने थंड झाल्यावर पुष्कळदा पुन्हा फिरू लागतात, चिकटलेले बेअरिंग मात्र सहसा सुटत नाही. काटा लाल रेषेपर्यंत गेला नव्हता एवढ्यावरून उष्णतेची शक्यता सोडू नका, कारण कूलंट संपल्यावर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवू शकतो. रेडिएटरची टाकी आणि होज यांवर सुकलेल्या कूलंटचे डाग शोधा.

गॅरेजमध्ये तुम्ही एवढेच सांगावे की पुली, प्लग, बेल्ट आणि सेल्फ यांची तपासणी झाल्यावर प्रथम चेंबर तुमच्या समोर उतरवावे आणि हेडला त्याआधी हात लावू नये. एकच बेअरिंग गेले असेल आणि उत्पादकाच्या मापात बसत असेल, तर क्रँक ग्राइंड करून (घासून किंचित बारीक करून) त्याला जुळणाऱ्या पाव मिलिमीटर अंडरसाइझ बेअरिंगवर काम होऊ शकते. पिस्टन घासले असतील तर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजल्याशिवाय खर्चाचा आकडा देणे योग्य नाही. ऑइलची पातळी किती आहे आणि थंड इंजिनाची पुली हलते की नाही, हलत असल्यास कशी, एवढे मला कळवा, म्हणजे पुढचे अधिक नेमके सांगता येईल.