नदीकाठची उत्तरं : दिवाळीत ट्राउटच्या वाटेला का जायचं नाही?

प्रश्न : लहानपणापासून पंचगंगेत बांबूची काठी आणि गांडूळ लावून मासे धरलेत. यंदा दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरमध्ये, घरच्यांसह हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जातोय. तिथे ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग करायची फार इच्छा आहे. जमेल का? काठी कोणती घेऊ?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जमेल, पण दिवाळीत नाही. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते. तुमचा विरस होईल हे कळतं, कारण मीही पहिल्यांदा तिथे गेलो तो नोव्हेंबरातच.

तीर्थन खोऱ्यातल्या गुशैणी गावाच्या वरच्या अंगाला, जेमतेम गुडघाभर पाण्यात ट्राउटची एक मादी दिसली. कुशीवर वळून शेपटीचे फटके मारत ती तळातले खडे उडवत होती. थांबायची, प्रवाहात मागे सरकायची, पुन्हा वर यायची. शेजारी वाकड्या जबड्याचा नर दुसऱ्या नराला हुसकावत होता. खळगा झाला की ती त्यात अंडी सोडते आणि वरच्या बाजूचे खडे उकरून ती झाकते. पाणी पाचेक अंश असेल तर अंडी फुटायला तीन महिने लागतात, आणि पिल्लं त्यानंतरही काही आठवडे खड्यांतच असतात. आपला एक बूट तिथे पडला तरी सगळं चिरडतं.

मी मूळचा चिपळूणकडचा. मृगाच्या पावसात शेतात चढणारे, पोटात गाबोळी असलेले मासे आम्ही पोत्याने धरायचो. चढणीचे मासे म्हणजे घरात सणच असायचा. त्या दिवशी ती मादी बघताना ते पोतं डोळ्यांसमोर आलं. तेव्हापासून मी चढणीचे मासे खाल्ले नाहीत, आणि तीर्थनला ऑक्टोबरच्या मध्यावरच गळ आवरतो, कायद्याने आणखी दोन आठवडे मिळत असले तरी.

तुम्ही मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये या. तेव्हा पाणी नितळ आणि बेताचं असतं. सकाळी ते इतकं गार असतं की मासा डोहाच्या तळाशी सुस्त बसून राहतो, म्हणून सकाळी घाई करू नका. ऊन चढेपर्यंत काठावरचा एखादा गोटा उलटून पाहा. त्याला वाळूचे कण चिकटवून केलेली, पेराएवढी नळी दिसेल. हळूच दाबलीत तर तोंडाशी सहा पाय हलतात. ही कॅडिस माशीची अळी. ट्राउटचं बहुतेक खाणं असं पाण्याखालचंच असतं, म्हणून दुपारपर्यंत निम्फ, म्हणजे गळावर बांधलेली बुडणारी नकली माशी, तळालगत वाहू द्यायची. एप्रिलमध्ये दुपारी माश्या पंख फुटून वर येऊ लागतात. पाण्यावर वर्तुळं उमटायला लागली की मग तरंगणारी माशी बांधा.

मे-जूनमध्ये हे उलटतं. दिवसभर वर बर्फ वितळतं आणि ते पाणी संध्याकाळपर्यंत खाली पोचतं, त्यामुळे पहाटे पार करता आलेली नदी दुपारी ओलांडता येत नाही. तेव्हा पहाटेच जायचं आणि परतीचा विचार आधी करायचा. जुलै-ऑगस्टमध्ये गढूळ लोंढे असतात, त्या दिवसांत नदीत उतरूच नका. सप्टेंबर सरता सरता पाणी पुन्हा काचेसारखं होतं. तेव्हा मासा तुमच्या सावलीलाही बिचकतो. बारीक दोरा लावायचा, मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो म्हणून त्याच्या मागून, वाकून जायचं. मला हेच दिवस सगळ्यांत आवडतात.

काठी नऊ फुटी, ४ किंवा ५ नंबरची घ्या. सवय मात्र मोडावी लागेल. तुमच्या गळाला शिशाचं वजन असतं आणि ते दोरीला ओढत नेतं. इथे पिसांच्या माशीला वजनच नाही, ते जाड दोरीत असतं. दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे फेकायची. पंचगंगेच्या काठावर गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून महिनाभर सराव करा. परवाना मत्स्यविभागाकडून काढा आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाका. मासा सोडायचा असेल तर आधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. पाण्यातच, तोंड प्रवाहाकडे करून धरा, तो स्वतः निसटेल.

दिवाळीला जरूर जा, पण दुर्बीण घेऊन. काठावरूनच बघा, मुलांना दाखवा.

प्रश्न : सह्याद्रीतल्या नद्यांत ट्राउट सोडता येतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की ट्राउटला त्रास होऊ लागतो, आपल्या नद्या उन्हाळ्यात त्याहून कितीतरी तापतात. शिवाय कुलूतही तो १९०९ च्या सुमारास इंग्रजांनीच आणून सोडलेला, तिथला मूळ रहिवासी नव्हे. आपल्याकडे महसीर आहे, आणि तोही माशीवर झेपावतो. त्याचा अंडी घालायचा काळ पावसाळा, तेव्हा त्याला सोडून द्या. आणि वैतरणेवर तिळसे किंवा महाडजवळ वाळणकोंड, जिथे देवाचे म्हणून मासे राखले आहेत, तिथे काठी न्यायचीच नाही. मूठभर कुरमुरे टाका आणि ते केवढे वाढलेत ते बघत बसा.