आयर्लंडच्या लोककथांमधले बन्शी, लेप्रेकॉन, पूका हे नेमके कोण? त्यांना भुतं म्हणायचं का, आणि तिथले लोक आजही त्यांना मानतात का?

भुतं म्हणू नका, एवढं आधी सांगते. भूत म्हटलं की आपल्या मनात मेलेल्या माणसाचा अतृप्त आत्मा येतो. आयर्लंडच्या जुन्या माणसांच्या लेखी ही एक वेगळी जमात आहे, माणसांच्या शेजारीच राहणारी. त्यांची घरं आहेत, गुरं आहेत, लग्नकार्यं आहेत, आपसातली वैरं आहेत. ते हर्लिंगसुद्धा खेळतात (काठी-चेंडूचा आयरिश खेळ), आणि गंमत म्हणजे त्यांचा सामना एखाद्या जिवंत माणसाला संघात घेतल्याशिवाय रंगत नाही, म्हणून गावातला चांगला खेळाडू रात्री उचलून नेतात. आयरिशमध्ये त्यांना ‘ईस शी’ म्हणतात, म्हणजे टेकड्यांमधले लोक. पण गावात हे नाव कुणी मोठ्याने घेत नसे. ‘भली माणसं’ म्हणायचे. नाव घेतलं तर ऐकायला येतील आणि रागावतील, ही भीती. मीही खाली ‘भली माणसं’च म्हणते.

मी नोकरीच्या निमित्ताने लिमरिकला राहते, आणि इथे आल्यापासून या विषयाने मला धरलं ते सोडलेलं नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

ही जमात आली कुठून? अकराव्या शतकात मठांमधल्या भिक्षूंनी जुन्या कथा गोळा करून आयर्लंडचा एक पौराणिक इतिहास रचला. त्यात बेटावर एकामागून एक लोक येतात. त्यातले एक म्हणजे ‘तुआहा डे डानन’, दानू देवीचे लोक. डाग्दा, लू, मॉरिगन हे सगळे त्यांच्यातले. फोमोरी नावाच्या राक्षसी लोकांशी त्यांची लढाई होते. फोमोरींचा म्होरक्या बालोर, त्याच्या एका डोळ्याची नजर पडली की सैन्य आडवं व्हायचं. त्याचाच नातू लू गोफणीने दगड मारून तो डोळा डोक्यातून आरपार घालवतो. एवढे पराक्रमी लोक, पण पुढे माणसांचे पूर्वज समुद्रावरून येतात आणि यांना हरवतात. मग वाटणी होते: जमिनीच्या वरचं माणसांचं, खालचं यांचं. तेव्हापासून ते टेकड्यांच्या पोटात आहेत. उघडच आहे की हे मूळचे देव होते. ख्रिस्ती भिक्षूंना देव म्हणून लिहिता येईना, म्हणून त्यांना एक पुरातन जमात करून टाकलं. माझ्या मते त्यांनी केलेलं हे सगळ्यात मोठं काम आहे, कारण नाहीतर ही नावंच उरली नसती.

खेड्यातल्या लोकांनी मात्र स्वतःचा वेगळा खुलासा काढला. सैतानाने बंड केलं तेव्हा काही देवदूत कुठल्याच बाजूला गेले नाहीत. स्वर्गात ठेवावं इतके चांगले नाहीत आणि नरकात टाकावं इतके वाईट नाहीत, म्हणून देवाने त्यांना पृथ्वीवर सोडलं, तीच ही भली माणसं. यावरची एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगतात. रात्री वाटेत ते एका पाद्र्याला अडवतात आणि विचारतात, शेवटच्या न्यायाच्या दिवशी आमची सुटका होईल का? पाद्री म्हणतो, तुमच्यात स्वतःचं नाव लिहिण्यापुरतं जरी रक्त असेल तरी होईल. त्यांच्या अंगात रक्ताचा थेंब नसतो. ते आक्रोश करत निघून जातात. ही गोष्ट मला लेप्रेकॉनच्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त आवडते.

त्यांची घरं कुठे, हे इथे कुणीही दाखवतो. शेतात मातीचा गोल बांध आणि बाहेरून चर असलेली जागा दिसते, बांधावर काटेरी व्हाइटथॉर्नची झाडं. याला ‘लिस’ किंवा ‘रॅथ’ म्हणतात. अशा सुमारे ४५,००० जागा आयर्लंडभर आहेत. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ती साधारण पाचव्या ते दहाव्या शतकातल्या शेतकऱ्यांची वाडेवजा घरं होती, गुरं सुरक्षित ठेवण्यासाठी भोवती बांध घातलेली. पुढे लोक ते विसरले आणि जागा भल्या माणसांच्या नावावर गेली. परिणाम काय झाला पाहा. बांध खणला तर गुरं मरतील, फांदी तोडली तर घरातलं कुणी आजारी पडेल, या धाकाने शेकडो वर्षं सहसा कुणी त्यांना हात लावला नाही. कायद्याच्या आधी या बांधांचं संरक्षण भीतीने केलं. न्यूग्रेंजचं थडगं तर इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, पिरॅमिडांपेक्षा जुनं. पुराणात ते डाग्दाचं आणि त्याच्या मुलाचं, एंगसचं घर आहे.

शेजारी म्हटले की शेजारधर्म आला, आणि या लोककथांचा मोठा भाग म्हणजे त्या शेजारधर्माचे नियमच. रात्री दारातून पाणी फेकायचं असेल तर आधी ओरडून सांगायचं, म्हणजे वाटेत कुणी असेल तर बाजूला होईल. त्यांच्या वाटेवर घर बांधायचं नाही. बांधलं गेलंच तर पुढचं आणि मागचं दार रात्री उघडं ठेवायचं. त्यांनी दिलेलं अन्न खायचं नाही, खाल्लं तर परत येता येत नाही. त्यांच्या हद्दीतल्या एका ठराविक गवताच्या ढेकळावर पाय पडला की ओळखीच्या शेतातही फाटक सापडत नाही, माणूस पहाटेपर्यंत गोल गोल फिरतो. हे वाचून तुम्हाला आपला चकवा आठवला असेल, आणि तो अनुभव खरोखर तोच आहे. उपाय मात्र इथला वेगळा: अंगातला कोट काढून उलटा घालायचा, की वाट दिसते.

आता बन्शी. चित्रपटांनी तिला किंचाळून माणसं मारणारी चेटकीण करून टाकलंय, आणि याचा मला मनापासून राग येतो. बन्शी कुणालाही मारत नाही. ती रडते. घरात कुणाचा मृत्यू जवळ आला की रात्री घराजवळ तिचा विलाप ऐकू येतो, आणि तोही ठराविक कुळांनाच, ज्यांच्या आडनावात जुना गेलिक ‘ओ’ किंवा ‘मॅक’ आहे अशांना. ती त्या कुळाचीच असते, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यासोबत राहिलेली. लिमरिकहून फार लांब नाही ते शॅनन नदीकाठचं किलालू गाव, त्याच्या वरच्या बाजूला क्रेगली नावाचा डोंगर आहे. तिथली ईव्हल ही ओब्रायन कुळाची बन्शी. इ.स. १०१४ मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईच्या आदल्या रात्री राजा ब्रायन बोरूला तिनेच त्याचा मृत्यू कळवला, असं जुन्या बखरीत आहे. दुसऱ्या दिवशी तो मारला गेला.

तिचं रडणं नीट समजायचं तर इथल्या बायकांच्या रडण्याकडे पाहावं लागतं. आयर्लंडमध्ये मेलेल्या माणसापाशी सुरात शोक करण्याची प्रथा होती. गावात त्यात तरबेज असलेल्या बायका असत. केस मोकळे सोडून, पुढेमागे झुलत, मेलेल्याचं कूळ, त्याचे गुण, मागे राहिलेल्यांचे हाल त्या तिथल्या तिथे ओव्या जुळवून गात. चर्चने या प्रथेला शतकानुशतकं विरोध केला. १७७३ मध्ये आर्ट ओलिअरी गोळीने मारला गेला तेव्हा त्याची बायको आयलीन डूव्ह हिने केलेला शोक तोंडोतोंडी टिकला आणि आज आयरिश कवितेत फार वरच्या जागी आहे. बन्शी म्हणजे हीच शोक करणारी बाई, पण पलीकडच्या बाजूची. फरक इतकाच की ती आधी रडते. परदेशी गेलेल्या मुलाच्या मरणाची बातमी बोटीने यायला आठवडे लागत, त्या काळात मायदेशातल्या घराबाहेर कुणीतरी त्याच्यासाठी रडलं असेल, ही कल्पना लोकांनी का जपली असेल ते मला परदेशात राहून जास्त कळतं.

बन्शीची एक गोष्ट मात्र अंगावर काटा आणणारी आहे. ती केस विंचरत बसते, म्हणून वाटेत पडलेला कंगवा उचलायचा नाही, असं इथली मुलं ऐकत मोठी होतात. एक माणूस उचलतो आणि घरी आणतो. रात्री खिडकीवर थापा आणि विलाप सुरू होतो, भिंती हादरतात. घरातली शहाणी म्हातारी म्हणते, हाताने देऊ नकोस. मग चुलीतला लोखंडी चिमटा घेऊन, त्यात कंगवा धरून तो खिडकीबाहेर काढतात. कंगवा जातो. चिमटा आत घेतात तर त्याची टोकं पिळून वाकडी झालेली. हात असता तर काय झालं असतं, ते गोष्ट सांगणारा सांगत नाही.

लेप्रेकॉनचं थोडक्यात आटोपते. जुन्या कथेत ते पाण्यातले बुटके आहेत आणि झोपलेल्या फर्गस राजाला समुद्रात ओढून न्यायचा प्रयत्न करतात. नंतरच्या लोककथेत तो एकटा राहणारा चांभार झाला, लपवलेल्या सोन्याचा मालक. त्याच्यावरून नजर हटली की तो गेलाच. एक शेतकरी त्याला पकडून सोन्याची जागा दाखवायला लावतो. ती असते पिवळ्या रॅगवर्टच्या शेतातल्या एका रोपाखाली. शेतकरी खूण म्हणून त्या रोपाला लाल पट्टी बांधतो आणि फावडं आणायला धावतो. परत येतो तर शेतातल्या प्रत्येक रोपाला तशीच लाल पट्टी. हिरवा कोट-टोपीवाला लेप्रेकॉन दुकानांतला; जुन्या वर्णनांत तो बहुतेकदा लाल कोटात आहे.

पूका रूपं बदलतो. बहुतेक वेळा काळा घोडा होऊन येतो, रात्री उशिरा परतणाऱ्याला पाठीवर घेऊन काटेकुट्यांतून, डबक्यांतून उधळतो आणि पहाटे चिखलात टाकून देतो. ३१ ऑक्टोबरला साउइनचा सण येतो, हॅलोवीनचं मूळ तेच. त्या रात्रीनंतर रानातली ब्लॅकबेरी खायची नाही, कारण पूका त्यावर थुंकलेला असतो. तोपर्यंत फळं थंडीपावसाने खरोखर बुरसटलेली असतात, त्यामुळे मुलांना आवरायला हा नियम फार उपयोगी पडला असेल.

या विश्वासाची एक काळी बाजू आहे, आणि ती वगळून मी हे उत्तर लिहिणार नाही. भली माणसं धडधाकट माणूस पळवतात आणि जागी आपल्यातलं रोगट, चिडचिडं कुणीतरी ठेवतात, असं मानत. मुलगे जास्त नेतात म्हणून पश्चिम किनाऱ्यावर लहान मुलग्यांना परकर घालत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे तसे फोटो आहेत. पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवत. इथपर्यंत निरुपद्रवी. पण बदललेला माणूस परत आणायचे उपाय क्रूर होते. १८९५ च्या मार्चमध्ये टिपररी काउंटीतल्या बॅलिव्हॅडली इथे ब्रिजेट क्लिअरी आजारी पडली. ती शिवणकाम करायची, कोंबड्या पाळायची, स्वतःचे पैसे कमवायची. नवरा मायकल म्हणू लागला की ही माझी बायको नव्हेच. नातेवाइकांनी तिला धरून ठेवलं, कडू पाला जबरदस्तीने पाजला, चुलीच्या आगीवर धरून पुन्हा पुन्हा विचारलं, तू ब्रिजेट आहेस का? दुसऱ्या रात्री नवऱ्याने तिला जाळलं. त्यानंतर जवळच्या लिसपाशी तो रात्री वाट पाहत बसला, की खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावर येईल आणि मी लगाम कापून तिला सोडवीन. पोलिसांना तिचं प्रेत उथळ खड्ड्यात सापडलं. मायकलला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली. त्याचा खरोखर विश्वास होता की विश्वासाची ढाल केली, यावर अजून वाद होतात. मला विचाराल तर कमावती, मूल नसलेली, ताठ बोलणारी बाई ‘आपल्यातली नाही’ असं म्हणायला त्या घराला एक तयार भाषा मिळाली, आणि ज्यांनी अडवायला हवं होतं ते हात धरून उभे राहिले.

आता, आज मानतात का? शहरातला कुणी ‘हो’ म्हणणार नाही. पण १९९९ मध्ये क्लेअर काउंटीत लाटून इथे नवा महामार्ग एका व्हाइटथॉर्नवरून जाणार होता. कथाकार एडी लेनिहन यांनी आवाज उठवला की मन्स्टर प्रांताची भली माणसं कॉनॉक्ट प्रांताच्या भल्या माणसांशी लढायला जाताना याच झाडापाशी जमतात. झाड गेलं तर या रस्त्यावर अपघात होतील. बातमी थेट अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत गेली आणि झाड वाचलं, रस्ता त्याला सांभाळून गेला. २००२ मध्ये कुणीतरी करवतीने त्याच्या सगळ्या फांद्या छाटल्या, तरी ते पुन्हा फुटलं. लिमरिकहून एनिसला जाताना ते कुंपणात उभं दिसतं. २०१७ मध्ये केरीचे खासदार डॅनी हीली-रे यांनी रस्त्यात पुन्हा पुन्हा पडणाऱ्या खड्ड्याचं कारण जवळचे लिस आहेत, असं जाहीरपणे म्हटलं. लोक हसले, पण आमच्या ऑफिसातल्या शेतकरी घरच्या सहकाऱ्यांना मी विचारलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. त्यांच्यातला एकजण शिकलेला इंजिनियर आहे. त्याच्या वडिलांच्या शेतात मधोमध लिस आहे, ट्रॅक्टर दरवर्षी त्याला वळसा घालतो आणि तेवढी जमीन पडीक राहते. मानतोस का विचारलं तर म्हणाला, नाही. सपाट करशील का विचारलं तर त्याहून पटकन म्हणाला, नाही.

तुम्हाला मूळ सामग्री वाचायची असेल तर १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने शाळांकडून करून घेतलेला संग्रह पाहा. सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेलं वहीत उतरवून घेतलं. त्या वह्यांची पानं ‘दूखस’ या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, बरीचशी इंग्रजीत आहेत. काउंटी निवडायची आणि बन्शी, पूका असा शब्द टाकून शोधायचं. कुणी सांगितलं, ते कोणत्या गावचे, वय काय, हेही बऱ्याच पानांवर लिहिलेलं असतं. सुरुवात क्लेअर किंवा केरीपासून करा. आणि इकडे येणं झालंच तर न्यूग्रेंजइतकाच वेळ रॉसकॉमन काउंटीतल्या रॅथक्रोहनसाठी ठेवा. तिथे मॉरिगनची गुहा आहे, साउइनच्या रात्री सगळी मंडळी जिथून बाहेर पडतात ती. तोंड इतकं बुटकं आहे की रांगत आत जावं लागतं, आणि आत चिखल असतो, म्हणून जुने कपडे आणि बूट घेऊन या.