निवृत्त मंत्र्यांच्या थिंक-टँकमुळे युरोपातली अण्वस्त्रं कमी होतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: युरोपात माजी संरक्षणमंत्री, माजी परराष्ट्रमंत्री, निवृत्त जनरल एकत्र येऊन अण्वस्त्रमुक्तीसाठी संस्था चालवतात, पत्रकं काढतात. खुर्चीत असताना यांनीच बॉम्ब सांभाळले. मग हे 'बैल गेला आणि झोपा केला' नाही का?

संरक्षणशास्त्र शिकत होतो तेव्हा माझंही हेच मत होतं. वर्गात आम्ही या मंडळींना सरळ 'पेन्शनर कट्टा' म्हणायचो. त्याला आता पंधराएक वर्षं झाली, विषयाचं वाचन सुटलं नाही, आणि मत अर्धं बदललंय. अर्धंच.

तुमच्या म्हणीत चपखल बसेल असा माणूस आधी घेतो. डेस ब्राउन, २००६ ते २००८ या काळातले ब्रिटनचे संरक्षणमंत्री. ब्रिटनची सगळी अण्वस्त्रं ट्रायडंट क्षेपणास्त्रांवर आणि ती पाणबुड्यांवर. पाणबुड्या म्हाताऱ्या व्हायला लागल्या, तेव्हा ही व्यवस्था पुढे चालवायची का यावर मार्च २००७ मध्ये संसदेत मतदान झालं. चालवायची, असं ४०९ विरुद्ध १६१ मतांनी ठरलं. संरक्षणमंत्री म्हणून ब्राउन अर्थातच सरकारच्या बाजूने. आणि २०११ मध्ये याच गृहस्थांनी लंडनमध्ये 'युरोपियन लीडरशिप नेटवर्क' ही संस्था उभी केली. पुढे तर जुन्या ट्रायडंटच्या जागी तसंच नवं नको, असं जाहीरपणे लिहिलं. वरवर बघता तुमचा मुद्दा सिद्ध.

पण मधली एक तारीख बघा. ५ फेब्रुवारी २००८. ब्राउन मंत्री असतानाच जिनिव्हाच्या नि:शस्त्रीकरण परिषदेत गेले आणि म्हणाले, ब्रिटनने नि:शस्त्रीकरणाची प्रयोगशाळा व्हावं. हा नुसता शब्दप्रयोग नव्हता, त्यामागे खरोखरची तांत्रिक अडचण होती. समजा एका देशाने कबूल केलं, आम्ही शंभर बॉम्ब मोडतो. समोरच्याला पटवायचं कसं? तपासनिसाला बॉम्ब उघडून दाखवला तर त्याची रचनाच कळते, आणि अण्वस्त्रप्रसारबंदी करारानुसार ती दाखवायला मनाई. नुसतं बंद खोकं दाखवलं तर आत बॉम्ब होता की वाळू, कोण सांगणार? ब्रिटन आणि नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी मिळून यावर काम केलं. खोक्यातून येणारा किरणोत्सार मोजायचा, पण आकडे कुणालाच दाखवायचे नाहीत. आधी ठरलेल्या कसोटीला उतरला तर हिरवा दिवा, नाही तर लाल, अशा यंत्राचा नमुना त्यांनी बनवला. एका बाजूला बॉम्बवाला देश आणि दुसऱ्या बाजूला बॉम्ब नसलेला देश, अशी जोडी या कामात पहिल्यांदाच बसली. मला स्वतःला हे कुठल्याही पत्रकापेक्षा मोलाचं वाटतं.

म्हणजे माणूस खुर्चीत असतानाही दोन्ही गोष्टी करत होता. खुर्ची गेल्यावर एकच उरली.

आता मागे जाऊ, कारण या परंपरेतली सगळ्यात मोठी कमाई १९८२ सालची आहे. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे १९७६ मध्ये निवडणूक हरले आणि सहा वर्षं सत्तेबाहेर राहिले. त्या काळात त्यांनी नि:शस्त्रीकरण आणि सुरक्षेवर एक स्वतंत्र आयोग जमवला. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स, ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन, पश्चिम जर्मनीचे एगोन बार, नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड, आणि त्याच टेबलावर मॉस्कोचे अमेरिका-तज्ज्ञ गेओर्गी अर्बातोव. भारताकडून होत्या सी. बी. मुथम्मा. (भारतीय परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला. बढतीत बाई म्हणून डावललं म्हणून सरकारला सर्वोच्च न्यायालयात खेचणाऱ्या त्याच. या बाईंवर मराठीत कुणी नीट लिहायला हवं.)

आयोगाने मांडलेली कल्पना म्हणजे सामाईक सुरक्षा. वाड्यात दोन बिऱ्हाडांमध्ये सामाईक भिंत असते, तशी. शेजाऱ्याशी कितीही वैर असलं तरी त्या भिंतीला सुरुंग लावून तुमचं घर सुरक्षित होत नाही. अण्वस्त्रांच्या जमान्यात शत्रूला असुरक्षित करून आपण सुरक्षित होत नाही, सुरक्षा मिळवायची तर ती त्याच्यासोबतच, असं त्यांचं म्हणणं. सोबत एक ठोस सूचनाही होती: मध्य युरोपातल्या सीमेच्या दोन्ही बाजूंना १५०-१५० किलोमीटरच्या पट्ट्यात रणांगणावरची अण्वस्त्रं ठेवूच नयेत. कारण साधं. इतक्या पुढे ठेवलेली शस्त्रं युद्ध सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांतच 'वापरा नाही तर गमवा' या पेचात सापडतात.

पट्ट्याची सूचना कुणी मानली नाही. पण अर्बातोव मॉस्कोत परतले, आणि १९८५ मध्ये गोर्बाचेव सत्तेवर आल्यावर ते त्यांच्या सल्लागारांत होते. सुरक्षा परस्परांचीच असू शकते, ही भाषा फेब्रुवारी १९८६ च्या कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात थेट गोर्बाचेव यांच्या तोंडून आली. त्याच आठवड्यात, २८ फेब्रुवारीला, पाल्मे यांचा स्टॉकहोमच्या रस्त्यावर खून झाला. ८ डिसेंबर १९८७ ला रेगन-गोर्बाचेव यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार केला. त्यात एकूण २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली, पैकी १,८४६ सोव्हिएतांची.

हे सगळं पाल्मे आयोगाने केलं का? अजिबात नाही. सोव्हिएत अर्थव्यवस्था खिळखिळी झाली होती, पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनच्या रस्त्यांवर अण्वस्त्रांविरुद्ध लाखो लोक उतरले होते, चेर्नोबिल झालं होतं, आणि रेगन यांना मनापासून अण्वस्त्रांचा तिटकारा होता. पण सत्तेवरच्या माणसाला दिशा बदलायची असते तेव्हा शब्द तयार लागतात, आणि ते कुणीतरी आधी लिहून फडताळात ठेवावे लागतात. पदावरच्या मंत्र्याला त्यासाठी वेळ नसतो आणि हिंमतही. पेन्शनर कट्ट्याचं काम मला इथे दिसतं.

जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेत हेच झालं. माजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ आणि हेन्री किसिंजर, माजी संरक्षणमंत्री विल्यम पेरी आणि माजी सिनेटर सॅम नन या चौघांनी वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहून अण्वस्त्रमुक्त जगाची मागणी केली. यातल्या किसिंजर यांनी १९५७ मध्ये मर्यादित अणुयुद्ध लढता येईल असं मांडून नाव कमावलेलं! मग देशोदेशीच्या माजींची रीघच लागली. २००८ मध्ये ब्रिटनचे चौघे, २००९ च्या सुरुवातीला जर्मनीचे हेल्मुट श्मिट, वाइत्झेकर, गेन्शर आणि बार, त्यानंतर पोलंडचे माजी अध्यक्ष लेक वालेसा वगैरे. चौघांची फॅशनच आली होती. एप्रिल २००९ मध्ये ओबामा प्रागमध्ये याच विषयावर बोलले आणि पुढच्या एप्रिलला त्याच शहरात अमेरिका आणि रशियाच्या लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या 'न्यू स्टार्ट' करारावर सह्या झाल्या. पण बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, इटली आणि तुर्कीतल्या तळांवर अमेरिकेचे साधारण शंभर अणुबॉम्ब अजूनही आहेत. इतके लेख येऊनही ते पुरते हलले नाहीत.

२०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यावर मात्र ब्राउन यांच्या संस्थेने एक अगदी कारकुनी वाटणारं काम केलं, आणि माझं मत बदललं ते तिथे. रशिया आणि नाटोची विमानं-जहाजं एकमेकांच्या अंगावर जाण्याच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या, पण सुट्या सुट्या. स्वीडनची स्वीडिश पेपरात, एस्टोनियाची एस्टोनियन पेपरात. संस्थेने आठ महिन्यांतल्या जवळपास ४० घटना एका यादीत लावल्या. त्यातली एक: ३ मार्च २०१४, कोपनहेगनहून रोमला निघालेलं प्रवासी विमान, आत १३२ माणसं. माल्मोच्या आग्नेयेला ट्रान्सपाँडर (आपण कुठे आहोत ते इतरांना कळवणारं यंत्र) बंद ठेवून उडणारं रशियन टेहळणी विमान समोर आलं. हवा स्वच्छ होती आणि वैमानिक जागा होता म्हणून टक्कर टळली. ही यादी जगभरच्या वर्तमानपत्रांत गेली. तोवर 'चिथावणी' हाच शब्द चालू होता, तिथे 'अपघात' हाही शब्द आला.

यादीसोबत त्यांचा आग्रह होता की नाटो आणि रशियाने समोरासमोर आल्यावर कसं वागायचं याचे नियम ठरवावेत. नवीन काही नाही. समुद्रात युद्धनौका एकमेकींना घासायला लागल्या तेव्हा अमेरिका आणि सोव्हिएत संघाने १९७२ मध्ये असाच करार केला होता. या मागणीवर सही करणाऱ्यांत ब्राउन होते, पोलंडचे माजी परराष्ट्रमंत्री आडाम रोटफेल्ड होते आणि रशियाचे माजी परराष्ट्रमंत्री इगोर इव्हानोव्हही. सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती त्या दिवसांत हे तिघे एका कागदावर सही करू शकत होते, एवढंही कमी नव्हतं.

आता उरलेलं अर्धं मत का बदललं नाही, ते सांगतो.

रेगन-गोर्बाचेव यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये जिनिव्हात एक वाक्य म्हटलं होतं: अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीही लढलं जाता कामा नये. आजच्या नेत्यांनी हे पुन्हा म्हणावं म्हणून ब्राउन, नन, इव्हानोव्ह आणि जर्मनीचे माजी राजदूत वोल्फगांग इशिंगर या कंपूने कित्येक वर्षं पिच्छा पुरवला. जून २०२१ मध्ये बायडन-पुतिन म्हणाले. ३ जानेवारी २०२२ ला पाचही मान्यताप्राप्त अण्वस्त्रधारी देशांनी एकत्र म्हटलं. मी त्या दिवशी मित्राला मेसेज टाकला होता की बघ, कट्टा जिंकला. बावन्न दिवसांनी रशियन रणगाडे युक्रेनमध्ये शिरले, आणि त्यानंतर तीनच दिवसांत पुतिन यांनी अण्वस्त्रदलं विशेष सज्जतेवर ठेवली. मित्राने उत्तरादाखल माझाच मेसेज परत पाठवला.

यात एक कच्चा दुवा आधीपासून होता. ब्रिटनचा माजी मंत्री स्वतःच्या सरकारवर टीका करून घरी जाऊन निवांत चहा पितो. मार्च २०२२ पासून रशियात सैन्याची 'बदनामी' हा गुन्हा आहे. माजी मंत्र्याचं वजन असतं ते घरच्या सत्तेपर्यंत पोचण्यामुळे, आणि तिथे पोचायचं तर मनातलं बोलता येत नाही. संवादाच्या या पद्धतीला दोन बाजू लागतात. एकच उरली की ते व्याख्यान होतं.

दुसरी गोष्ट युक्रेनची. १९९४ च्या बुडापेस्ट कराराने युक्रेनने आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं सोडली, बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने सीमांचा मान राखण्याची हमी दिली. जून १९९६ मध्ये पेर्वोमाय्स्कला क्षेपणास्त्राचा खंदक उडवून टाकल्यावर तिथल्या मातीत विल्यम पेरी (तेव्हा ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते), युक्रेनचे आणि रशियाचे संरक्षणमंत्री अशा तिघांनी सूर्यफुलं लावली. तो फोटो नि:शस्त्रीकरणवाल्यांच्या देव्हाऱ्यात असायचा. आज कीव्हमधल्या माणसाला तो दाखवून बघा. यावर या संस्थांकडे पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पैशाचंही सांगायला हवं, कारण कुणी विचारत नाही. सॅम नन आणि सीएनएनवाले टेड टर्नर यांनी २००१ मध्ये काढलेल्या 'न्यूक्लिअर थ्रेट इनिशिएटिव्ह'ने वॉरन बफे यांच्या पाठबळावर ५ कोटी डॉलर देऊ केले, म्हणून कझाकस्तानात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची कमी समृद्ध युरेनियमची पेढी उभी राहिली. २०१९ मध्ये तिथे माल पोचला. अणुभट्टीसाठी इंधन हवंय म्हणून स्वतः युरेनियम समृद्ध करणार, ही सबब कुणाला राहू नये, हा हेतू. पैसा असला की असं होतं. पण या क्षेत्राचा मोठा आधार असलेल्या मॅकार्थर फाउंडेशनने २०२१ मध्ये हात काढून घेत असल्याचं जाहीर केलं. चार-पाच देणगीदारांवर चाललेला संसार आहे हा.

आपल्याकडे असं कुणी नाही, असंही तुम्ही म्हटलंय. तेवढं दुरुस्त करतो. माटुंग्यात जन्मलेले ॲडमिरल एल. रामदास १९९० ते १९९३ नौदलप्रमुख होते. निवृत्तीनंतर अलिबागजवळ शेती करत राहिले आणि भारत-पाकिस्तान दोन्हीकडच्या अण्वस्त्रांविरुद्ध जाहीर बोलत राहिले. २००४ मध्ये त्यांना आणि पाकिस्तानचे पत्रकार आय. ए. रहमान यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये ते गेले. पण त्यांच्यामागे निधी, कार्यालय, तरुण संशोधकांची फळी असं काही नव्हतं. लंडनच्या कट्ट्यात आणि त्यांच्यात फरक होता तो एवढाच.

तर अण्वस्त्रं कमी होतात का? १९८६ च्या सुमारास जगात ७० हजारांवर होती, आता १२ हजारांच्या आसपास आहेत. मोडली ती सह्या करणाऱ्यांनी, थिंक-टँकने एकही नाही. पण सध्या सह्या करणारं कुणी दिसत नाही. न्यू स्टार्टची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती, आणि दुसऱ्यांदा वाढवायची सोय त्या करारात नव्हती. त्याखाली एकमेकांच्या तळांवर जाऊन मोजणी करणारे तपासनीस मार्च २०२० मध्ये कोव्हिडमुळे घरी गेले, ते पुन्हा गेलेच नाहीत. एक दिवस पुन्हा मोजायची वेळ आली, तर कसं मोजायचं हे ठाऊक असणारे बरेचसे लोक तोवर पेन्शनीत गेलेले असतील.