मळी सोडून मिथेनॉल खाणारे जंतू?

प्रश्न : मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत फर्मेंटेशनला आहे. मुलगी शिवाजी विद्यापीठात मायक्रोबायोलॉजी करते, ती म्हणते आता मळी (साखर काढल्यावर उरणारा काळा पाक, ज्यापासनं आम्ही अल्कोहोल काढतो) लागणारच नाही, बॅक्टेरिया मिथेनॉल नाहीतर चिमणीतला गॅस खाऊन सगळं बनवणार. खरं का ओ हे? मग आमच्या मळीचं काय?
— एक वाचक, कागल

उत्तर : पोरगी बरोबर बोलतीय दादा, जरा घाई करतीय एवढंच. गॅसवाले जंतू कामाला लागलेत. चीनमध्ये 2018 पासून स्टील कारखान्याच्या गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडपासून इथेनॉल निघतंय, आपल्याकडं इंडियन ऑइलनं पानिपत रिफायनरीत रोज 128 किलोलिटरचा तसलाच प्लान्ट उभा केलाय. ह्यातला मूळ जंतू मिळाला कुठं, तर सशाच्या लेंडीत!

मिथेनॉलचं प्रकरण मात्र किचकट. विषारी दारूत माणसं ह्याच्यामुळंच दगावतात, कारण पोटात गेल्यावर त्याचं फॉर्माल्डिहाइड आणि पुढं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं. ई. कोलाय हा प्रयोगशाळेतला नेहमीचा जंतू, साधा असेल तर मिथेनॉल खातच नाही, आणि ते पचवायचं जीन त्यात घातलं की त्याच्याही पेशीत तेच फॉर्माल्डिहाइड साठतं, प्रोटीन डीएनएला चिकटवून टाकतं आणि जंतू खलास. तैवानच्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये जीन्स बदलून आणि मग पिढ्यान्‌पिढ्या वाढवून नुसत्या मिथेनॉलवर जगणारा ई. कोलाय तयार केला खरा, पण तो दुप्पट व्हायला साडेआठ तास घेतो, साध्या ई. कोलायला चांगलंचुंगलं खायला दिलं तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. आता एवढ्या सावकाश चालीवर फर्मेंटर, म्हणजे जंतू वाढवायची टाकी, कोण चालवणार सांगा.

आणि दराचं बघा की. ब्रिटनमध्ये 1980 च्या आसपास आयसीआय कंपनीनं मिथेनॉलवर जंतू वाढवून जनावरांचं खाद्य काढलं होतं, भलामोठा फर्मेंटर बांधला, जंतूंनी काम चोख केलं, पण सोयापेंड स्वस्त पडली आणि गाशा गुंडाळावा लागला.

त्यामुळं मळीला इतक्यात धक्का नाही. मला विचाराल तर तुमच्या फर्मेंटरमधनं फेस फोडून वर येणारा, नाकाला झोंबणारा गॅस जास्त कामाचा. कागदावर 180 ग्रॅम ग्लुकोजमागं 92 ग्रॅम इथेनॉल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, म्हणजे निम्मा माल हवेत, आणि तोही चिमणीच्या धुरापेक्षा कितीतरी शुद्ध. फक्त कार्बन मोनॉक्साइडसारखी ह्याच्यात ऊर्जा नसते, म्हणून जंतूला सोबत हायड्रोजन द्यावा लागतो, आणि स्वस्त हायड्रोजन आणायचा कुठनं इथंच सगळं अडतं. शिवाय हायड्रोजन पाण्यात विरघळता विरघळत नाही, तो जंतूपर्यंत पोचवायचा कसा हा वेगळाच ताप. मुलीला प्रोजेक्ट करायचाच असेल तर ह्यावर करू दे, सॅम्पल घरच्या डिस्टिलरीतच मिळेल.