खुर्चीत बसण्याआधी सांग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले आणि रात्री दोनदा वाचले. रक्त तपासायला जाऊन, लॅबच्या बाकावर बसून, नाव पुकारले जाताच उठून तू दोन वेळा परत आलास, घरी मात्र गर्दी फार होती असे सांगितलेस, आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाकिटात दुमडून तीन आठवडे फिरतो आहेस, हे वाचून मला तुझा राग आला नाही. राग आला तो एकाच ओळीचा. "एवढ्याशा सुईचे लोकांना काय सांगायचे, या वेळी मन घट्ट करून गुपचूप बसेन," असे तू लिहिले आहेस. माझे हे सगळे पत्र त्या 'गुपचूप' शब्दाविरुद्ध आहे असे समज.

मीही १९व्या वर्षी अशीच गुपचूप बसले होते. दंडाला पट्टा आवळला गेला, कोपराच्या खळगीत स्पिरिटचा गार बोळा फिरला, मी भिंतीवरच्या एका खिळ्याकडे टक लावून पाहत राहिले. सुई आत गेली तेव्हा विशेष दुखलेही नाही. पुढच्या अर्ध्या मिनिटात मात्र तळहातांना घाम सुटला, समोरच्या माणसाचा आवाज हौदातून यावा तसा येऊ लागला, आणि त्यानंतरचे आठवते ते एवढेच, की गालाला फरशी थंड लागत होती. खुर्चीच्या कडेवर भुवई आपटली होती, तिथे दोन टाके पडले. डोळे उघडले तेव्हा कोणीतरी म्हणत होते, "एवढ्याला चक्कर?" टाक्यांचा व्रण कधीच पुसट झाला, ते दोन शब्द मात्र मी पुढे कितीतरी वर्षे उराशी धरून बसले आणि कोणत्याही तपासणीचे नाव निघाले की विषय बदलू लागले.

तू विचारतोस की आपण भित्रे आहोत का. नाहीस, आणि हे मी तुझी समजूत काढण्यासाठी लिहीत नाही. उंचीची किंवा कुत्र्याची भीती वाटली की नाडी वाढते आणि वाढलेलीच राहते. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत पुष्कळांचे शरीर वेगळे वागते: आधी नाडी आणि रक्तदाब चढतात आणि मग दोन्ही एकाएकी खाली येतात, मेंदूकडे जाणारे रक्त क्षणभर कमी पडते आणि माणूस कोसळतो. ही प्रवृत्ती अनेकदा घराण्यातच असते. तुझ्या वडिलांना किंवा आत्याला एकदा विचारून पाहा. घट्ट केलेले मन हा उतरता रक्तदाब थोपवू शकत नाही.

म्हणूनच तुला जो उपाय सांगितला गेला, की डोळे मिटून, लांब श्वास घेऊन अंग सैल सोडावे, तो भोवळ येणाऱ्यांसाठी उलट ठरू शकतो, कारण सैल सोडलेल्या अंगात दाब आणखी उतरतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात नेमका याच्या विरुद्ध जाणारा उपाय मांडला. मांड्या, पोट आणि दंड यांचे स्नायू १० ते १५ सेकंद आवळून धरायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवू लागली की सोडायचे, पण पूर्ण ढिले न होता नेहमीच्या स्थितीत यायचे. २०-३० सेकंद थांबून पुन्हा आवळायचे, असे पाच वेळा. श्वास मात्र कोंडायचा नाही. घरी आठवडाभर रोज सराव कर, म्हणजे ऐन वेळी आठवावे लागणार नाही. ज्या हातातून रक्त घेणार तो हात त्या वेळी सैल ठेवायचा, बाकीचे अंग आवळायचे. (हृदयाचा किंवा उच्च रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, तुला तसे काही नाही हे मला ठाऊक आहे.)

पण हे सगळे नंतरचे. आधी सांग. खुर्चीत बसण्याआधी, पट्टा बांधण्याआधी, जमल्यास आदल्या दिवशी फोनवरच सांग. वाक्ये तीनच आहेत: मला सुईची भीती वाटते, मला भोवळ येऊ शकते, मला आडवे झोपून रक्त द्यायचे आहे. झोपलेल्या माणसाच्या मेंदूला रक्त सहज पोहोचते, आणि भोवळ आलीच तरी तो कुठून पडत नाही. रक्त काढणाऱ्यांनी चक्कर येणारी माणसे पुष्कळ पाहिलेली असतात. त्यांची तारांबळ उडते ती न सांगता कोसळणाऱ्यामुळे. लाज वाटते म्हणतोस! मग बाकावरून उठून जाताना वाटली ती काय होती?

इथे एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण घरात तिच्यावरून मला अजून हट्टी म्हणतात. २५व्या वर्षी मी धीर करून ही तीन वाक्ये म्हटली, आणि उत्तर मिळाले की पलंग रुग्णांसाठी आहे, बसायचे तर बसा. मी उठले आणि निघून आले. ते मी योग्यच केले, असे मी आजही म्हणेन, कितीही जणांनी डोके हलवले तरी. ज्या ठिकाणी माझे पडणे टाळण्याची तयारी नव्हती तिथे मी पुन्हा भुवई फोडून का घ्यावी? चूक त्या दिवशी झाली नाही, दुसऱ्या दिवशी झाली: मी दुसरी लॅब शोधली नाही, आणखी सहा वर्षे शोधली नाही. त्या वर्षांत मी दुपारी झोपेने कोसळायची, केस गळायचे, वजन वाढायचे, आणि मी स्वतःला आळशी म्हणायची. ३१व्या वर्षी तपासणी झाली तेव्हा थायरॉईडची कमतरता निघाली. रोज सकाळी एक गोळी, आणि काही महिन्यांत मी माणसात आले. ती वर्षे मला कोणी परत देणार नाही, आणि तुझे तीन आठवडे वाचून माझा जीव खालीवर होतो तो यासाठी.

त्या ३१व्या वर्षाच्या सकाळी एका बाईंनी माझी तिन्ही वाक्ये मान हलवत ऐकली, सुयांचा ट्रे माझ्या नजरेआड डोक्याच्या मागे ठेवला आणि विचारले, "टोचताना सांगू, की न सांगता टोचू?" हा प्रश्न मला तोवर कोणी विचारलाच नव्हता. मी म्हटले, सांगा. बोळा दाबून झाल्यावर त्यांनी मला दहा मिनिटे उठू दिले नाही. तूही आपले उत्तर आधीच ठरवून ठेव. बघायचे की मान फिरवायची, हेही तूच ठरव. त्यात शौर्य-बिर्य काही नसते.

बाकीचे थोडक्यात. नेहमीची सुई जेमतेम ०.८ मिलिमीटर जाड असते. दोन-तीन नळ्यांत मिळून साधारण १० मिलिलिटर रक्त जाते आणि शरीरात ते सुमारे पाच लिटर असते. उपाशीपोटी तपासणी असली तरी साधे पाणी बहुधा चालते. लॅबला विचारून भरपूर पी, शीर लवकर सापडते. टोचण्याचीच धास्ती असेल तर त्वचा बधिर करणारे मलम डॉक्टरांकडून लिहून घे आणि तासभर आधी लाव. रक्त घेऊन झाल्यावर कोपर दुमडू नकोस, हात सरळ ठेवून बोळा काही मिनिटे दाबून धर. एवढे करूनही पाय लॅबच्या दाराशी अडले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ही भीती पायरीपायरीने कमी करता येते आणि त्याला बहुधा फार बैठका लागत नाहीत.

उद्या सकाळी लॅब उघडली की फोन कर. तिन्ही वाक्ये कागदावर लिहून समोर ठेव आणि वाचून दाखव, पाठ म्हणायची गरज नाही. पलंग नाही म्हणाले तर फोन ठेव आणि लगेच दुसऱ्या लॅबला लाव, त्याच दिवशी. पलंग कुठे मिळाला ते मला संध्याकाळपर्यंत कळव.